कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे साइड मिरर : गाडीची कड दिसावी की दिसू नये?

सावकाश_सावकाश

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं छोटी हॅचबॅक चालवली, आता घरात कॉम्पॅक्ट एसयूव्ही आलीय. उंच बसायला मिळतं, पुढचं लांबपर्यंत दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागचं बघायचं म्हटलं की सगळा आनंद आहे. मागची काच छोटी आणि वर चढलेली, त्यात तीन हेडरेस्ट डोकं वर काढून बसलेले, आणि डिकीच्या दोन्ही बाजूंचे खांब इतके जाड की त्यामागे आख्खी गाडी लपेल. म्हणजे भिस्त सगळी साइड मिररवर. ते चांगले मोठे आहेत, आधीच्या गाडीपेक्षा उभट, पण ते नेमके कसे लावायचे यावर घरात आणि बाहेर एकमत होत नाहीये.

भाऊ म्हणतो आपल्या गाडीची कड आरशात बोटभर तरी दिसलीच पाहिजे, नाहीतर मागचा माणूस आपल्यापासून किती लांब आहे ते कळणार कसं. मैत्रीण म्हणते कड अजिबात दिसता कामा नये, स्वतःच्या गाडीचं दार बघत बसायला आरसा दिलेला नाही. दोघंही रोज गाडी चालवणारे आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. शिवाय वर-खाली किती ठेवायचा हा वेगळाच प्रश्न, खाली केला तर मागचं चाक आणि पार्किंगची रेघ छान दिसते पण मागून येणाऱ्यांचे फक्त बंपर दिसतात, वर केला तर अर्धं आकाश. आणि ते छोटे गोल चिकटवायचे आरसे मिळतात ते लावावेत का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाचवा_गिअर

आरशाला हात लावायच्या आधी सीट लावा. हे ऐकायला फारच बाळबोध वाटेल पण निम्म्या लोकांची गडबड इथेच असते. सीटची उंची, पुढे-मागे, पाठ, मग स्टिअरिंग, मग आतला आरसा, आणि बाहेरचे दोन सगळ्यात शेवटी. डोळ्याची जागा बदलली की आरशातलं सगळंच बदलतं. कॉम्पॅक्ट एसयूव्हीत सीट वर-खाली बऱ्यापैकी होते आणि घरातलं उंच माणूस चालवून गेलं की तुमच्यासाठी तिन्ही आरसे बिघडलेले असणार, ते न बघता निघू नका.

अजून एक. लांबच्या प्रवासात दोनेक तासांनी आतला आरसा आपोआप हलल्यासारखा वाटायला लागतो. आरसा हललेला नसतो, तुम्ही सीटमधे घसरलेले असता. आरसा नाही, पाठ सरळ करायची. मी तर याचा थकव्याचा मीटर म्हणून वापर करतो, दुसऱ्यांदा असं वाटलं की गाडी बाजूला घेऊन चहा.

फक्त_वाचक

आतला आरसा ड्रायव्हर बदलला की हमखास राहतो. +१

कोनमापक

तुमचा भाऊ आणि मैत्रीण ज्यावर भांडतायत त्यावर व्यवस्थित अभ्यास झालेला आहे. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९९५ मधे एसएई या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेत एक पेपर मांडला, विषय हाच की ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी जागा, का तयार होतो आणि तो कसा घालवायचा. त्याचा मुद्दा साधा आहे. तुम्ही साइड मिररमधे स्वतःच्या गाडीची कड ठेवता तेव्हा आरशात जे दिसतं त्यातलं बरंचसं आतल्या आरशात आधीच दिसत असतं. म्हणजे तीन आरसे, आणि तिघांतही तीच मागची लेन. शेजारच्या लेनमधे तुमच्या मागच्या दाराच्या थोडा मागे जो असतो तो मात्र एकातही नाही.

त्याची पद्धत अशी. गाडी उभी असताना डोकं ड्रायव्हरच्या खिडकीच्या काचेला टेकवा, आणि त्या स्थितीत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा बाहेर सरकवत न्या, गाडीची कड जेमतेम दिसते न दिसते तिथे थांबा. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणा, आतल्या आरशाच्या बरोबर खाली, आणि पलीकडचा आरसा तसाच लावा, कड जेमतेम. आता सरळ बसा. दोन्ही आरशांत तुमची गाडी दिसणार नाही, त्याऐवजी शेजारची लेन दिसेल. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, आरसा भलतीकडेच बघतोय असं वाटतं, पण तो बघायला पाहिजे तिकडेच बघत असतो.

आरसा १ अंश फिरवला की नजर २ अंश फिरते, परावर्तनाचा नियमच तो. २० मीटर मागे २ अंश म्हणजे जवळजवळ ७० सेंटिमीटर. त्यामुळे नॉबला उगाच मोठे झटके देऊ नका, एकेक टिचकी द्या आणि बघा.

रात्रीचा फायदा वेगळाच. मागच्या गाडीचे हेडलाइट साइड मिररमधून थेट डोळ्यात येतात ते या सेटिंगमधे बरेच कमी होतात. उंच गाडीत बसलं तरी मागचाही उंच गाडीतच असतो हल्ली, त्यामुळे हा त्रास काही सुटत नाही.

आडवळण

कोनमापक यांच्याशी सहमत. माझ्या गाडीचे आरसे असेच आहेत आणि आता कोणाच्या गाडीत कड दिसणारा आरसा बघितला की गुदमरल्यासारखं होतं.

दुचाकीवाली

मी जराशी काडी टाकते. कोनमापक यांनी सांगितलं ते वेगाने चालणाऱ्या, लेन पाळणाऱ्या ट्रॅफिकसाठी एकदम बरोबर आहे. पण मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमधे काय? मी स्वतः दुचाकी चालवते, दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून पुढे येणारी. मी तुमच्या गाडीपासून हातभर अंतरावर असते. तुमचा आरसा शेजारच्या लेनच्या मधोमध बघत असेल तर मी गाडीला चिकटून मागून येताना त्यात नाही, आणि आतल्या आरशात तर तुमच्या त्या जाड खांबामागे. मग तुम्ही दार उघडणार किंवा जरा बाजूला घेणार आणि मी तुमच्या दारात.

आणि भाऊ म्हणतोय त्यात तथ्य आहे. कड दिसत असली की मागचा माणूस गाडीपासून किती लांब आहे याला एक खूण मिळते. नुसता रस्ता दिसला तर तो हातभरावर आहे की दोन हातांवर, कसं कळणार?

कोनमापक

दुचाकीवाली, मुद्दा योग्य आहे, उडवून लावण्यासारखा नाही. फक्त एक, प्लॅट्झरच्या सेटिंगमधे पण डोकं खिडकीच्या काचेकडे नेलं की कड परत दिसते, तीच तर लावायची पद्धत आहे. म्हणजे सिग्नलला किंवा सरकत्या ट्रॅफिकमधे बाजूला वळायच्या आधी डोकं थोडं पुढे आणि बाजूला हलवायचं. आरसा म्हणजे फोटो नाही, खिडकी आहे, डोकं हलवलं की वेगळं दिसतं. बरेच जण मान खिळवून फक्त डोळे फिरवतात, मग आरसा कसाही लावा, कमीच पडणार.

पण ज्याचं सगळं चालवणं सरकत्या गर्दीतच आहे त्याने कडेचा अगदी पातळ धागा ठेवला तर मी भांडणार नाही. पातळ म्हणजे पातळ. लोक आरशाचा पाव भाग दाराच्या हँडलला देतात ते नको.

लाल_दिवा

एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून. हे सगळं बाहेर वळवलेलं सेटिंग आतल्या आरशाच्या भरवशावर आहे. बरोबर मागे कोण आहे ते आतल्या आरशाने सांगायचं आणि शेजारी कोण ते बाहेरच्यांनी, अशी वाटणी. आता कॉम्पॅक्ट एसयूव्हीत काय होतं, सुट्टीला निघालो की डिकीत छतापर्यंत सामान, मागे तीन माणसं, आतल्या आरशात फक्त मुलांची डोकी आणि उशी. वाटणीतला एक जण कामावरच नाही. अशा वेळी दोन्ही साइड मिरर आत घ्यायचे, कड थोडी दिसेल असे, कारण आता मागचं पण त्यांनाच दाखवायचंय. ज्यांच्याकडे डिलिव्हरी व्हॅन असते, मागे काचच नसते, ते कायम असेच लावतात ते उगाच नाही.

म्हणून माझं मत, कड दिसावी की नाही हा प्रश्न अर्धाच आहे. आतल्या आरशात आज काय दिसतंय ते आधी बघा, मग बाहेरचे ठरवा. आणि मागे कोणी बसलं नसेल तर ते हेडरेस्ट खाली करून टाका, कुठे कुठे तर काढताही येतात, एवढ्यानेच मागची काच दुप्पट झाल्यासारखी वाटते. कोणी बसलं की आठवणीने परत वर करा, ते मानेसाठी आहेत.

सावकाश_सावकाश

अरे वा, एवढे प्रतिसाद! हेडरेस्ट आत्ताच खाली केले, खरंच फरक आहे. पण वर-खालीचं कोणीच सांगितलं नाही. आणि कोनमापक, तुमची पद्धत उभ्या गाडीत करून बघितली, पण बरोबर लागलंय की नाही हे कळायचं कसं?

कोनमापक

त्याची चाचणी आहे. गाडी रस्त्याकडेला सुरक्षित उभी करून नेहमीसारखं बसा आणि मागून येऊन शेजारून पुढे जाणाऱ्या गाडीवर लक्ष ठेवा. आधी ती आतल्या आरशात दिसेल. तिथून ती पूर्ण बाहेर पडायच्या आत तिचं नाक साइड मिररमधे आलं पाहिजे. आणि साइड मिररमधून पूर्ण बाहेर पडायच्या आत ती तुम्हाला नजरेच्या कोपऱ्यात, खिडकीतून, थेट दिसायला पाहिजे. आतल्यातून गेली आणि साइड मिररमधे यायच्या आधी क्षणभर गायब झाली तर आरसा थोडा आत, साइड मिररमधून गेल्यावर खिडकीत दिसायच्या आधी गायब झाली तर अजून थोडा बाहेर. आणि एकाच वेळी आतल्या आणि बाहेरच्या दोन्हीत भरपूर वेळ दिसत राहिली तर गरजेपेक्षा आत आहे.

दुसऱ्या बाजूला गाड्या जात नसतील तर घरच्या कोणाला तरी मोकळ्या जागेत चालायला सांगा. गाडीच्या मागून, शेजारच्या लेनचा मध्य असेल तितक्या अंतरावरून पुढे. तुम्ही फक्त बसून बोलायचं, आतल्यात, आतल्यात, बाहेरच्यात, खिडकीत. चालणाऱ्याला कंटाळा येतो पण एकदाच करायचंय.

आणि चाचणीत पास झालं म्हणून मान वळवून बघायचं सोडायचं नाही. गाडी लांब असते म्हणून ती कुठल्या ना कुठल्या आरशात टोक काढते, सायकल किंवा दुचाकी छोटी असते, ती नेमकी फटीत बसू शकते.

पाचवा_गिअर

वर-खालीचं मी सांगतो. सपाट रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, मागचं क्षितिज आरशाच्या साधारण मधोमध. अर्धा रस्ता, अर्धं वरचं. तुमचे आरसे उभट आहेत म्हणजे थोडी मोकळीक आहे, क्षितिज मध्याच्या जरा वर ठेवलं तर रस्ता जास्त दिसेल आणि लांबचंही जाणार नाही. पण आरसा त्याहून खाली दाबू नका.

एसयूव्हीवाल्यांची खरी गंमत इथे असते. उंच बसतात, जवळचं जमिनीलगतचं काही दिसत नाही, मग पार्किंगला सोपं पडावं म्हणून दोन्ही आरसे खाली दाबून ठेवतात. चाक दिसतं, रेघ दिसते, खुश. आणि तसेच हायवेला लागतात. हायवेवर तुम्हाला मागून वेगात येणारा शंभर-दीडशे मीटरवर असतानाच दिसायला पाहिजे, तो त्या खाली दाबलेल्या आरशात तेव्हा दिसतो जेव्हा तो तुमच्या मागच्या बंपरशी आलेला असतो. पार्किंगमधे आरशाने दगा दिला तर एक ओरखडा. लेन बदलताना दिला तर काय होतं ते लिहायला नको.

आडवळण

पार्किंगसाठी रिव्हर्स टिल्ट आहे ना. रिव्हर्स टाकला की पलीकडचा आरसा आपोआप खाली वाकतो, कर्ब (फुटपाथची कड) आणि चाक दाखवतो, रिव्हर्स काढला की परत वर. वरच्या व्हेरिअंटमधे असतो बऱ्याचदा.

सावकाश_सावकाश

माझ्या गाडीच्या फीचर लिस्टमधे तो आहे असं लिहिलंय पण आरसा काही वाकत नाही. बिघडलाय का?

आडवळण

आरसे अॅडजस्ट करायचा जो नॉब असतो, त्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा असतात आणि मधे न्यूट्रल. बऱ्याच गाड्यांमधे नॉब न्यूट्रलला असेल तर टिल्ट चालतच नाही, आरशाच्या बाजूला फिरवून ठेवावा लागतो. काहींत स्क्रीनच्या सेटिंगमधे चालू करावं लागतं. मॅन्युअलमधे बघा, डिकीत नाहीतर ग्लव्ह बॉक्समधे प्लास्टिकच्या पिशवीत असेल, उघडलेलंही नसेल.

उंटावरून

मॅन्युअल वाचणारे लोक असतात??

फक्त_वाचक

गोल चिकटवायच्या आरशांबद्दल कोणी सांगेल का, मलाही घ्यायचेत.

दुचाकीवाली

ते गोल आरसे फार बहिर्वक्र असतात, सगळं दिसतं पण मुंगीएवढं. "कोणीतरी आहे" एवढंच सांगण्यापुरते ठीक, ते किती लांब आहे किंवा किती वेगात येतंय ते त्यात बघू नका. चिकटवायचे असतील तर मुख्य आरशाच्या बाहेरच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात, जिथे तसंही आकाश नाहीतर डांबर दिसतं. मधे चिकटवलेले बघितलेत मी, हसावं की रडावं कळत नाही. आरशाची काच घडी होताना दाराला घासत नाही ना तेही बघा.

मुख्य आरसे नीट लावलेत तर बऱ्याच जणांना ते लागतही नाहीत. आधी ते करा, मग गरज वाटली तर घ्या.

कोनमापक

बहिर्वक्र निघालंच आहे तर थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

गाडीच्या मुख्य आरशालाही बहुतेक ठिकाणी थोडा बाक असतो. युनायटेड नेशन्सच्या ४६ नंबरच्या नियमात मुख्य बाहेरच्या आरशाची वक्रतेची त्रिज्या किमान १२०० मिलिमीटर पाहिजे असं आहे. त्रिज्या १२०० धरली तर नाभीय अंतर ६०० मिमी. आता २० मीटर मागे असलेली गाडी बघा. ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा डोळ्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर असतो. हिशोब केला तर ती गाडी सपाट आरशात दिसली असती त्याच्या निम्म्याहून जरा कमी आकाराची दिसते. तोच आरसा पलीकडच्या दारावर, डोळ्यापासून सुमारे १.४ मीटर, तिथे ती एक तृतीयांश दिसते. आरसा तोच, बाक तोच, फक्त तुम्ही लांब आहात म्हणून.

म्हणून लोकांना पलीकडच्या बाजूने लेन बदलताना "भरपूर जागा आहे" असं वाटतं आणि हॉर्न ऐकू येतो. आतला आरसा सपाट असतो, अंतर आणि वेग त्यात बघायचा. साइड मिररमधे "आहे की नाही", आतल्यात "किती लांब आणि किती जोरात". मागची गाडी आतल्या आरशात नीट दिसते आणि साइड मिररमधेही आहे, तर विश्वास आतल्यावर ठेवा.

अमेरिकेत नियम जरा वेगळा आहे. तिथे ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच पाहिजे, आणि पलीकडचा बहिर्वक्र असेल तर त्याची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिमीच्या मधे आणि काचेवर ते प्रसिद्ध वाक्य कोरलेलं पाहिजे, की आरशात दिसतं त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत. सपाट आरशात अंतर खरं दिसतं पण दृश्य अरुंद, त्यामुळे प्लॅट्झरला तिकडे एवढं लिहावं लागलं यात नवल नाही. आपल्या आरशाला बाक असेल तर तेवढं बाहेर नाही वळवलं तरी चालतं, चाचणीत जिथे पास होईल तिथे थांबायचं.

अवांतर : ड्रेक्सेल विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अँड्र्यू हिक्स यांनी असा आरसा बनवला की जो सुमारे ४५ अंश दाखवतो, सपाट आरसा १५ ते १७ दाखवतो, आणि तरी चित्र फारसं वेडंवाकडं होत नाही. २०१२ मधे अमेरिकन पेटंट मिळालं. पण त्याला बाक असल्यामुळे तिथल्या ड्रायव्हर-साइडच्या नियमात तो बसत नाही.

उंटावरून

आमचंही एक अवांतर. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत बाकीच्यांच्या शेजारी मागचं बघून सांगायला मेकॅनिक बसलेला असायचा, रे हॅरून एकटाच आला, गाडीवर आरसा लावून. आणि जिंकला. त्याने कड ठेवली होती की नाही हे मात्र विचारू नका.

लाल_दिवा

आता गाडीत रडार आहे, आरशात दिवा लागतो, मग एवढी कटकट कशाला, असं कोणीतरी म्हणणारच आहे म्हणून आधीच लिहितो. ते ब्लाइंड स्पॉटचे सेन्सर बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. बंपरवर चिखल बसला, मागे सायकल कॅरिअर लावला, की त्यांना कमी दिसतं. आणि दिवा आरशातच लागतो, म्हणजे तो बघायला आरशात बघावंच लागतं. दिवा लागला तर नक्की जाऊ नका, लागला नाही म्हणून नक्की जा असं मात्र नाही.

कॅमेऱ्याचे आरसेही आलेत. जपानने २०१६ मधे आरशांऐवजी कॅमेरा वापरायला परवानगी दिली आणि २०१८ मधे लेक्ससच्या ईएस या गाडीत ते आले. पण त्यात एक गोष्ट जाते. कोनमापक म्हणाले ते डोकं हलवून जास्त बघणं. स्क्रीनपुढे डोकं कितीही हलवा, तेच दिसणार.

गॅरेजवाला

वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी रोज आरसे उघडतो. तीन गोष्टी आहेत, तिन्हीसाठी लोक नंतर येतात.

एक म्हणजे इलेक्ट्रिक आरशाची काच हाताने दाबू नका. आत दोन छोट्या मोटरी आणि प्लास्टिकचे गिअर असतात, एक वर-खाली, एक आत-बाहेर. नॉब असताना अंगठ्याने कोपरा दाबून लावणारे असतात, थोडं सहन करतं ते, पण थंडीत प्लास्टिक कडक असतं आणि मग काच सैल होते, गाडी चालताना थरथरते. थरथरणाऱ्या आरशात हेडलाइट दोनाचे चार दिसतात. ज्यांच्या गाडीत आतून दांडी आहे त्यांनी दांडीच वापरा, ज्यांच्यात काहीच नाही त्यांनी काचेच्या मधोमध नाही, कडेला हलक्या हाताने दाबा.

दुसरं, बटणाने घडी होणारा आरसा कोणी धक्का मारून हाताने दुमडला तर तो परत हाताने उघडल्यावर सैल राहतो, कारण आतला गिअर जागेवर बसलेला नसतो. वेगात गेलं की वाऱ्याने हळूहळू आत येतो आणि तुम्ही म्हणता आरशाचं सेटिंग बदललं. बटणाने एकदा पूर्ण बंद, एकदा पूर्ण उघडा. टक् असा आवाज येईल, बसला. बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं.

आणि पावसात काच धूसर होते त्यावर, हीटेड मिरर असतील तर बऱ्याच गाड्यांत ते मागच्या काचेच्या डीफॉगरच्या बटणावरच असतात. वेगळं बटण शोधत बसतात लोक.

आडवळण

गॅरेजवाले दादा, टक् आवाजाबद्दल दंडवत. मी आरसा बदलायच्या बेतात होतो.

चष्मीस

प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) लावणाऱ्यांसाठी. त्या काचेत कडेला धूसर असतं, त्यामुळे नुसते डोळे फिरवून साइड मिरर बघितला तर तो भाग नेमका धूसर पट्ट्यातून दिसतो. मान फिरवून नाक आरशाकडे करायचं. आणि आरसे लावताना तोच चष्मा घालूनच लावा.

पुढचं पण एक सांगते, मागचं सगळे बोलतायत म्हणून. एसयूव्हीचे मोठे आरसे आणि पुढचा खांब मिळून वळताना समोरचं पण झाकतात. रस्ता ओलांडणारा माणूस त्या पट्ट्यात मावतो, आणि तुम्ही वळताय, तो चालतोय, दोघांचा वेग जुळला तर तो बराच वेळ त्यातच राहतो. वळणावर सीटमधे थोडं पुढे वाकून बघायचं. आरसा खाली-वर करून हे जात नाही. ज्या गाड्यांचा आरसा खांबाच्या तिकोनात न बसवता दारावर बसवलेला असतो त्यात मधे एक फट मिळते, घेताना बघण्यासारखी गोष्ट आहे.

सावकाश_सावकाश

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रिव्हर्स टिल्ट चालू झाला, नॉब न्यूट्रललाच होता. चालण्याची चाचणी पण झाली. ड्रायव्हर साइडला मी कड पूर्ण घालवली, पलीकडे पातळ धागा ठेवलाय, कारण त्या बाजूने दुचाकी फार येतात आणि दुचाकीवालीचं म्हणणं पटलं. क्षितिज मध्याच्या जरा वर. सुरुवातीला दार दिसत नाही म्हणून हात सारखा नॉबकडे जात होता, आता नाही जात.

दोन शंका उरल्यात. सामान भरलं की मागे गाडी बसते, तेव्हा आरसे परत लावायचे का? आणि ड्रायव्हरकडच्या आरशावर बाहेरच्या कडेजवळ एक तुटक उभी रेघ आहे, ती कशाला?

पाचवा_गिअर

हो, लावायचे. मागची बाजू बसली की नाक वर जातं आणि आरसे मागच्या रस्त्याकडे झुकतात, म्हणजे डांबर जास्त, लांबचं कमी. एक-दोन टिचक्या वर. आत-बाहेरचं लाल_दिवा यांनी सांगितलंय तसं, आतला आरसा झाकला असेल तर आत. हेडलाइटची उंची खाली करायचं चाक असेल तर तेही त्याच वेळी फिरवा, नाहीतर समोरच्याचे शिव्याशाप. रिकामी झाली की सगळं परत.

कोनमापक

तुटक रेघेच्या आतला भाग नेहमीचा, एकसारख्या बाकाचा. रेघेच्या बाहेरचा भाग कडेकडे जास्त जास्त वाकत जातो, त्यामुळे शेजारची जास्त जागा दिसते पण गाड्या बारीक आणि चेपलेल्या दिसतात. आरसा लावताना आणि अंतराचा अंदाज घेताना फक्त रेघेच्या आतलं बघायचं. रेघेबाहेर काहीही हललं तर तिथे कोणीतरी आहे असं धरायचं आणि मान वळवायची. रेघ फक्त ड्रायव्हरच्याच आरशावर असेल तर पलीकडचा आरसा एकाच बाकाचा आहे, दोन्हीत तीच गाडी वेगवेगळ्या आकाराची दिसली तर घाबरू नका.